हिशेब, यंत्र आणि गवाही

इसवी सनाच्या बाराव्या शतकात सिरियात अश्-शैजरी नावाचे एक ग्रंथकार होऊन गेले. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे मुहतसिबसाठी, त्यांनी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. मुहतसिब हा काझी नव्हे. फिर्याद येण्याची वाट न पाहता तो स्वतः बाजारात फिरे, तराजू हलवून पाही, वजने तपासून घेई. वजने लोखंडाची असावीत आणि त्यांवर तपासणीची मोहर असावी, दगडाची नसावीत, कारण दगड एकमेकांवर आपटून झिजतात व गिऱ्हाइकाचे नुकसान होते, इतक्या बारकाईने शैजरींनी लिहिले आहे. हकीम, अत्तार, रोटीवाले, मुलांना शिकवणारे मास्तर, सर्वांच्या धंद्याचे नियम त्यात आहेत. हकिमाकडून तर बुकरातची म्हणजे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याची शपथ घेववावी, असेही सांगितले आहे. ज्या धंद्यातली आतली गोष्ट गिऱ्हाइकाला कळत नाही, त्या धंद्यातल्या माणसाला अधिक कडक बंधन हवे, हा विचार आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे होता. वजनमापात खोट करणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरा आहे, हे आपल्या मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या समाजातील मुलेमुली आता मोठ्या संख्येने संगणकाच्या क्षेत्रात जात आहेत. संमेलनांतून आपण अल्-ख्वारिज्मींचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. बगदादच्या खलिफा अल्-मामून यांच्या काळातले हे गणिती. त्यांच्या नावाचा लॅटिन अपभ्रंश होऊन ‘अल्गोरिदम’ हा शब्द झाला, हे खरेच आहे. पण त्यांच्या अल्-जब्रवरील ग्रंथाचा फार मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांना वाहिलेला आहे, हे क्वचितच सांगितले जाते. मयताच्या मिळकतीत विधवेचा वाटा किती, मुलीचा किती, मृत्युपत्राने दिलेला भाग कसा काढायचा, यासाठी ते समीकरणे मांडत होते. हिशेब चुकला तर कोणा यतिमाचा हक्क जाईल, हे त्यांच्या गणितामागे उभे होते. आपण नाव घेतले, पण ही बाजू तिथेच राहिली.

संगणक व्यवसायाला स्वतःची आचारसंहिता फार उशिरा आली असे मात्र नाही. अमेरिकेत संगणकतज्ज्ञांची ‘एसीएम’ ही संस्था १९४७ साली निघाली आणि १९६६ साली तिने व्यावसायिक वर्तनाची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. डॉन पार्कर या गृहस्थांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. पुढे १९७२, १९९२ आणि २०१८ साली ती नव्याने लिहिली गेली. लोकांचे हित प्रथम, आपल्या कामातील धोके व उणिवा लपवू नयेत, हा त्यांचा गाभा. कागदावर सर्व ठीक होते. पण १९७२ सालीच सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ‘बार्ट’ रेल्वेत काय झाले ते पाहा. गाड्या आपोआप चालवण्याच्या यंत्रणेत दोष आहेत असे सांगणाऱ्या तीन अभियंत्यांना मार्चमध्ये कामावरून काढण्यात आले. ऑक्टोबरात फ्रीमाँट स्थानकावर एक गाडी न थांबता रुळांच्या टोकापलीकडे गेली आणि काही प्रवासी जखमी झाले. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्या तिघांचा गौरव केला तो १९७८ साली. नोकरी गेली ती गेलीच.

बार्टचा दोष निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. दोष हिशेबाच्या यंत्रात असेल आणि तो कोणालाच दिसत नसेल तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ते थोडे सविस्तर सांगतो.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत आणि उपनगरांत पोस्टाची शाखा म्हणजे बहुधा एखादे किराणा किंवा वर्तमानपत्रांचे दुकान आणि त्यात एक पोस्टाचे काउंटर. ते चालवणारा सब-पोस्टमास्तर हा पोस्टाचा नोकर नव्हे, कंत्राटदार. भारतातून, पाकिस्तानातून, पूर्व आफ्रिकेतून गेलेल्या अनेक कुटुंबांनी अशी दुकाने घेतली. १९९९ पासून पोस्टाने या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती. ही कंपनी जपानच्या फुजित्सुच्या मालकीची होती आणि पुढे तिच्याच नावाने चालू लागली.

आणि मग शाखांचे ताळे जुळेनासे झाले. संध्याकाळी रोकड मोजावी तर पडद्यावरील आकड्यापेक्षा ती कमी. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन या बाईंना दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदत-केंद्राला फोन केला, सांगितले तशी बटणे दाबली, आणि डोळ्यांदेखत तूट चार हजारांची झाली. कंत्राटाचा अर्थ असा लावला जात होता की तूट सब-पोस्टमास्तरने भरून द्यायची. लोकांनी घरे गहाण टाकली, दागिने विकले, नातेवाइकांकडून उसने आणले. फोन करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर मिळे की अशी अडचण फक्त तुमच्याच शाखेत आहे, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. यंत्रापेक्षाही या वाक्याने अधिक घरे मोडली असे मला वाटते. एकट्या पडलेल्या माणसाला शेवटी स्वतःच्याच मोजणीवर शंका येऊ लागते.

पोस्टाला स्वतः फौजदारी खटले भरता येत होते. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. त्यांतले बहुतेक खटले पोस्टानेच चालवले. चोरीचा आरोप मागे घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, असे सांगितल्यावर अनेकांनी तुरुंगाच्या भीतीने कबुली दिली. जो हॅमिल्टन त्यांपैकीच.

इथे कायद्यातील एक बदल लक्षात घ्यायला हवा. १९८४ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणे संगणकाची नोंद पुरावा म्हणून देताना यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. ही अट फार जाचक आहे असे विधी आयोगाचे मत पडले आणि १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली. मग उरले केवळ गृहीतक : उलट सिद्ध होईपर्यंत यंत्र बरोबर आहे असे मानावे. म्हणजे मुहतसिब गेला आणि तराजूला मात्र कायमची मोहर मिळाली. ज्या दुकानदाराकडे यंत्राच्या आतल्या नोंदी नाहीत, त्याने उलट सिद्ध करायचे ते कसे?

सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथील सीमा मिश्रा यांनी ते करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर ७४,००० पौंड चोरल्याचा आरोप होता. त्यांनी चोरी नाकारली आणि यंत्रातच दोष असावा असे सांगितले. २०१० च्या ऑक्टोबरात खटला उभा राहिला. यंत्राच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून फुजित्सुचाच एक ज्येष्ठ अभियंता आला. त्याच सुमारास फुजित्सु आणि पोस्ट यांच्या माणसांची होरायझनमधील एका नव्या दोषावर बैठक झाली होती. साठेक शाखांचे हिशेब त्या दोषाने बिघडले होते. ही गोष्ट बाहेर गेली तर चालू खटल्यांवर परिणाम होईल आणि शाखांच्या हाती यंत्राला दोष देण्याचे साधन मिळेल, हे त्या बैठकीच्या कागदांत लिहून ठेवलेले आहे. मिश्राबाईंच्या ज्यूरीपुढे ही गोष्ट आली नाही. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. पुढे बाळंतपणाच्या वेळीही त्यांच्या अंगावर पाळतीचे इलेक्ट्रॉनिक कडे होते. गावात त्यांच्या पतीला मारहाण झाली.

साक्षीदाराचे कर्तव्य काय, हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. गवाही लपवणे हे केवढे मोठे पाप मानले आहे हे ती ऐकतच वाढतात. इंग्लिश कायदाही तेच सांगतो : तज्ज्ञ साक्षीदार हा ज्याने बोलावले त्याचा नसून न्यायालयाचा असतो, आणि आपल्या मताविरुद्ध जाणारी माहिती त्याने आपण होऊन सांगितली पाहिजे. जुलै २०१३ मध्ये पोस्टाच्याच एका वकिलाने, सायमन क्लार्क यांनी, लेखी सल्ला दिला की या साक्षीदाराला ठाऊक असलेले दोष त्याने उघड केले नाहीत व त्याची साक्ष यापुढे वापरता येणार नाही. हा कागद दोषी ठरलेल्या लोकांपर्यंत पोहोचायला आणखी सात वर्षे गेली. त्या अभियंत्याचे म्हणणे असे की तज्ज्ञ साक्षीदाराची कर्तव्ये आपल्याला कोणी नीट समजावून दिली नव्हती. हे म्हणणे कितपत मानायचे ते तिकडची न्याययंत्रणा पाहील. मला यातून दिसते ते एवढेच की चांगला हुशार अभियंता आयुष्यभर यंत्राची भाषा शिकतो आणि आपल्या शब्दावर कोणी तुरुंगात जाऊ शकते, हे त्याला कोणत्याही वर्गात सांगितले जात नाही.

दोष नवे होते असेही नाही. स्कॉटलंडमधील फॉलकर्कच्या एका शाखेच्या नावाने ओळखला जाणारा दोष २००० पासून २००६ पर्यंत चालू होता. एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर टाकलेली रक्कम दुसऱ्या यंत्राला दिसत नसे, म्हणून ती पुन्हा टाकली जाई. शिवाय फुजित्सुच्या कचेरीत बसून शाखेच्या हिशेबात, शाखाचालकाला न कळता, फेरफार करता येत होता. पोस्टाने अनेक वर्षे हे नाकारले. रिचर्ड रोल नावाच्या माजी कर्मचाऱ्याने २०१५ साली बीबीसीवर ते उघड सांगितले आणि पुढे न्यायालयातही साक्ष दिली. २००१ ते २००४ या काळात हे गृहस्थ तिथे दुरुस्तीचे काम करीत होते. कोणतेही मोठे पद त्यांच्याकडे नव्हते.

लढा उभा केला तो वेल्समधील लँडुडनोच्या अॅलन बेट्स यांनी. त्यांची शाखा २००३ साली काढून घेतली होती. २००९ साली ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात सब-पोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या आणि त्याच वर्षी बेट्स यांनी संघटना काढली. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की होरायझन भरवशाची नव्हती. पोस्टाचा हट्ट त्यांना पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा वाटला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन दोघीही त्यांत होत्या. २०२४ साली पार्लमेंटने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड आला. या प्रकरणामुळे तेरा जणांनी आत्महत्या केल्या असण्याची शक्यता त्यात नोंदली आहे.

आणखी एक कागद २०२३ साली माहिती अधिकारातून बाहेर आला. २००८ सालच्या त्या सूचनापत्रकात पोस्टाच्या तपासनिसांना संशयितांची नोंद वंशानुसार करण्यास सांगितले होते आणि त्यासाठी वापरलेले काही शब्द सभ्य समाजाने कधीच टाकून दिलेले होते. पोस्टाने त्याबद्दल माफी मागितली. यंत्राला रंग कळत नाही, हे खरे. गोऱ्या लोकांवरही त्याने तितकाच अन्याय केला. पण यंत्राचा आकडा वाचणाऱ्या माणसाच्या मनात आधीच काही लिहिलेले असेल, तर तो आकडा त्याला चटकन पटतो. आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगायला नको.

पालक बंधुभगिनींनो, हे विलायतेचे प्रकरण आपल्याशी संबंध नसलेले वाटेल. आपल्याकडचा कायदा थोडा वेगळा आहे. २००० साली पुरावा कायद्यात कलम ६५-ब आले. संगणकाची नोंद न्यायालयात द्यायची तर यंत्र सांभाळणाऱ्या जबाबदार माणसाने सहीचे प्रमाणपत्र दिले पाहिजे, असे ते सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. आपली जी मुले आज बँकेच्या, इस्पितळाच्या, सरकारी कचेरीच्या संगणक विभागात कामाला लागत आहेत, त्यांच्यापुढे हा कागद आज ना उद्या येणार आहे. साहेब म्हणतील, सही करून टाका. त्या वेळी यंत्रात काय बिघडले होते हे ज्याला ठाऊक असेल, असा माणूस त्या खोलीत बहुधा एकच असेल.

हे कलम महाराष्ट्राच्याच एका खटल्यात कसाला लागले. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही असा वाद होता, आणि निवडणूक कचेरीतील कॅमेऱ्यांच्या चित्रफिती हा पुरावा होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र हवेच, असा निर्णय १४ जुलै २०२० रोजी झाला. त्या खटल्यात चित्रफिती होत्या, त्यांच्या तबकड्या होत्या, प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुन्हा केलेले अर्जही होते. सही द्यायला मात्र एकही अधिकारी पुढे आला नव्हता.