अर्धा टन, एक टन आणि चेसीचा हिशेब

हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली आली ती माणसांसाठी. अमेरिकन शेतकऱ्याने तिच्या मागे खोके ठोकले आणि बटाट्यांची पोती, दुधाचे कॅन भरले. मोटारीची चेसी लांबवून ट्रक बनवायचे जोडसंचही विकले जाऊ लागले. शेवटी १९१७ मध्ये फोर्डने स्वतःच 'मॉडेल टीटी' ही एक टनी चेसी काढली, किंमत ६०० डॉलर. इंजिन तेच, पण पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०० इंचांवरून १२४ झाले, चेसी दणकट झाली, मागचा आसही. १९२५ साली कारखान्यातून तयार पिकअप निघाली, २८१ डॉलरला. ती मात्र हलक्या मॉडेल टीच्या चेसीवरच. एकाच कंपनीत दोन घराणी झाली.

फरक फक्त पत्र्याच्या जाडीचा, असे बहुतेकांना वाटते. वर्गात मी फूटपट्टी घेतो. आडवी धरून दाबली की वाकते. तीच उभी धरली की दाद देत नाही. साध्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. म्हणून भारी ट्रकच्या चेसीचे दोन्ही लांब गर्डर आधी उंच केले जातात, मग जाड.

दुसरा मार्ग पोलादाचा. साधे पोलाद दर चौरस इंचाला साधारण ३६,००० पौंड ताण सोसते, त्यापुढे वाकले की वाकलेलेच राहते. मोठ्या ट्रकांसाठी उष्णता देऊन कणखर केलेल्या पोलादात ही हद्द १,१०,००० पर्यंत जाते. पण लवचिकता दोन्हींची सारखीच! त्याच मापाची चेसी त्याच भाराखाली तेवढीच लवते. महागडी पुन्हा सरळ होते, एवढेच.

१९४८ साली फोर्डने एफ-१ ते एफ-८ अशी उतरंडच मांडली. एफ-१ अर्ध्या टनाची. १९५३ मध्ये नावे बदलून एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० झाली.

मग १९६१ साली कंपनीने एक धाडस केले. चेसी वेगळीच ठेवली, पण तिच्यावरची कॅब आणि हौदा एकत्र जोडून एकच अंग केले. दिसायला देखणे, बनवायला स्वस्त. पण शिडीसारखी चेसी खड्ड्यात पिळवटते, पिळवटलीच पाहिजे. म्हणून तर जुने कारागीर तिचे सांधे रिव्हेटने जोडत. हौदा वेगळा असला की दोघांमधली फट हे पीळ गिळते. इथे फटच नव्हती. भार भरला की दारे अडकतात, अशा तक्रारी जुन्या गाड्यांचे शौकीन आजही सांगतात. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांना कंपनीने हे एकजीव अंग दिलेच नव्हते, यावरून काय ते समजावे. वेगळा हौदा मागणाऱ्यांना तर १९६० पर्यंतचा जुनाच हौदा नव्या कॅबमागे बसवून मिळाला, रेषेला रेषा न जुळणारा. १९६४ च्या मॉडेलपासून सगळेच हौदे पुन्हा वेगळे झाले.

आज या गाड्या हौसेने दुरुस्त करताना लोक एफ-१०० ला भारी गाडीचे पाटे घालतात. आपल्याकडेही जादा पाटा टाकला की गाडीची ताकद वाढली असे समजतात. पाट्यांनी हौदा खाली बसत नाही, म्हणून गाडी डौलात उभी दिसते. वजन मात्र सारे त्याच अर्ध्या टनाच्या गर्डरवर उतरते, आणि पहिली बारीक चीर बहुधा पाट्याच्या हँगरजवळच्या रिव्हेटपाशी दिसते.