समुद्रशैवलांचे अर्क व कर्करोगविरोधी परीक्षण : एक ऐतिहासिक टिपण

अमुक शैवलाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा वार्ता बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या समुद्रापासून दूरच्या गावीही आज पोचतात. घरात रुग्ण असलेल्या माणसाने त्या वार्तेवर किती विसंबावे, हा प्रश्न गंभीर आहे. त्याचे उत्तर या परीक्षणांच्या इतिहासातच शोधले पाहिजे.

अर्काच्या परीक्षणाची पहिली अट म्हणजे वनस्पतीची निश्चित ओळख होय. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या व तपकिरी शैवलांवर डॅनिश शास्त्रज्ञ बोर्गेसेन यांचे निबंध १९३० पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्या कामाला आधार मिळाला. पुढे १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील या संस्थेच्या संशोधकांनी लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेच्या सहकार्याने भारतीय किनाऱ्यावरील सागरी वनस्पतींचे मद्यार्कातील अर्क तपासले. १९८०च्या सुमारास प्रसिद्ध झालेले हे परीक्षण केवळ कर्करोगापुरते नव्हते. अनेक प्रकारची जैव क्रियाशीलता त्यात पाहिली गेली.

कर्करोगविरोधी परीक्षणाची पद्धतही स्थिर राहिलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९५५ पासून रक्तार्बुदग्रस्त उंदरांवर मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेतल्या. १९९० पासून मानवी अर्बुदांच्या ६० पेशीवंशांचा उपयोग होऊ लागला. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. काचपात्रातील पेशी पुष्कळ विषारी द्रव्यांनी मरतात. निरोगी पेशींना फारसा अपाय न होता रोगग्रस्त प्राण्याचे आयुष्य वाढते की नाही, ही कसोटी निराळी आणि अधिक कठोर आहे.

कहालालाइड-एफ या द्रव्याचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे. हवाई बेटांतील एका समुद्री गोगलगाईतून ते १९९३ साली वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. ती गोगलगाय ज्या ब्रायोप्सिस नामक हिरव्या शैवलावर जगते, त्यातही ते आढळले. मानवी चाचण्यांपर्यंत ते पोचले, तथापि औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली नाही. २०१९ साली तर असे दिसून आले की, ते द्रव्य मुळात शैवलाच्या आत राहणारा एक जीवाणू निर्माण करतो. म्हणजे निर्मात्याची ओळख पटण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

सारांश, अर्काची क्रियाशीलता हा संशोधनाचा आरंभ होय. द्रव्य कोणते, ते कोण निर्माण करतो आणि सजीव देहात ते काय करते, ही तीन उत्तरे मिळेपर्यंत त्यास औषध म्हणणे योग्य नव्हे. आणि त्याच्या भरवशावर चालू उपचार सोडणे तर मुळीच नव्हे.