पांढऱ्या सोन्याचे घड्याळ आणि मुंबईची पेढी

नागपूरकर भोसल्यांच्या 1853 पर्यंतच्या राजवटीत अहोरात्राच्या साठ घटका पाण्यात सावकाश बुडणाऱ्या घटिकापात्रावरून मोजल्या जात, आणि प्रत्येक घटका चोवीस मिनिटांची असली तरी मिनिटांचा हिशेब ठेवण्याचे प्रयोजन रयतेला नव्हते. ते प्रयोजन पुढे आगगाडीने आणि सरकारी कचेरीने उत्पन्न केले. 1906 साली प्रमाणवेळ लागू झाली, आणि घड्याळ ही चैनीची वस्तू न राहता व्यवहाराची होऊ लागली.

घड्याळांच्या व्यापाराचे मुख्य ठाणे मुंबई होते. ज्या फेवर-ल्युबा घराण्याचा व्यवसाय स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथे 1737 मध्ये सुरू झाला, त्यातील फ्रिट्झ फेवर 1865 मध्ये हिंदुस्थानात आला, आणि त्या नावाची घड्याळे पुढे शंभर वर्षे येथील मध्यमवर्गीयांत प्रतिष्ठा पावली. याच घराण्याने 1962 मध्ये गिर्यारोहकांसाठी हवेच्या दाबावरून उंची दाखविणारे ‘बिव्हुआक’ आणि 1968 मध्ये पाणबुड्यांसाठी खोली दाखविणारे ‘बॅथी’ काढले. क्रीडा-घड्याळ हे नाव त्यांना कामामुळे मिळाले होते.

पुढे मात्र क्रीडा हे निमित्त उरले. 1972 मध्ये दुसऱ्या एका स्विस कंपनीसाठी घड्याळ-रचनाकार जेराल्ड जेंटाने रेखाटलेले ‘रॉयल ओक’ हे क्रीडा-घड्याळ पोलादाचे असूनही कित्येक सुवर्ण-घड्याळांहून महाग विकले गेले, आणि 1977 पासून ते पांढऱ्या सोन्यातही घडू लागले. अठरा कॅरटच्या या मिश्रधातूत शेकडा पंचाहत्तर भाग सोने असते, उरलेल्या भागातील निकेल किंवा पॅलेडियम त्याचा पिवळा वर्ण लोपवितो. परिणामी पोलादासारखी दिसणारी ही मौल्यवान वस्तू केवळ हातातील वजनाने आणि आतल्या शिक्क्याने ओळखावी लागते. पोलादी नगांच्या मानाने तिची निपज अत्यल्प, म्हणून संग्राहकांची तिच्यावर विशेष नजर.

दुर्मीळतेचा हा मान रास्त असला, तरी उपयोगाने मिळविलेला मान त्याहून जुना आहे. तेव्हा वाडवडिलांच्या पेटीत चावीचे एखादे फेवर-ल्युबा पडून असेल, तर ते मोडीत घालण्यापूर्वी वाचकांनी जाणत्या घड्याळजीकडून एकवार अवश्य पारखून घ्यावे.