काचपेटीतला समुद्र

घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो. पहिले काही दिवस पाणी आरशासारखे स्वच्छ असते. मग काचेवर तपकिरी-हिरवा थर चढतो, खडकांवर शेवाळाच्या लडी लोंबू लागतात, कधी पाण्यालाच कुबट वास येतो. काच घासावी, पाणी बदलावे, तर आठवड्याने पुन्हा तेच. या त्रासाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

1846 साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी रोज कुठून मिळणार? म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. आपण गरम दूध वरखाली करतो ना, अगदी तसे. पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पती सोडल्या.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्येच गोड्या पाण्यावर प्रयोग करत होते. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. माशाला प्राणवायू वनस्पतीकडून, वनस्पतीला कर्बवायू माशाकडून, असा चोख हिशेब त्यांनी मांडला होता. पण पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा चिकटा धरला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि चिकटा फस्त केला, शिवाय त्यांची अंडी माशांना खाऊ झाली! 1850 साली वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग जाहीर केला. समुद्राच्या पाण्यातही त्यांनी हीच युक्ती योजली आणि किनाऱ्यावरच्या शंखगोगलगायींना कामाला लावले.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि इंग्लंडला या छंदाचे वेड लागले. दिवाणखान्यात, खिडकीच्या उन्हात काचपेट्या मांडल्या गेल्या. चूक इथेच होती. ऊन आणि उरलेले अन्न मिळाले की शेवाळाला दुसरे काय हवे? पाणी हिरवे होई, जीव मरत. मेलेल्यांच्या जागी नवे आणायला माणसे पुन्हा किनाऱ्यावर धावत. खडकांमधली डबकी खरवडली जाऊ लागली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी 1907 साली आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की आपण लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी आता उजाड झाली आहेत आणि त्यात वडिलांच्या पुस्तकांचाही वाटा होता. काचेवरच्या शेवाळाची किंमत अशी किनाऱ्याने मोजली.

विल्यम आल्फर्ड लॉइड या जाणकाराने वेगळी वाट धरली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली उभारलेल्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला. पाणी पंपाने सतत फिरत राही. अंधारात शेवाळ वाढत नसे, पाणी थंड राही, आणि ते फेकून द्यावे लागत नसे.

पण घाण नेमकी जाते कुठे? हे कोडे सुटले ते सांडपाण्यामुळे. 1877 मध्ये श्लेझिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून सांडपाणी सोडले. काही दिवसांनी त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. थरात क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. पुढे मातीचा थोडा अर्क घालताच ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम करणारे कोणी सजीव होते! 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

मत्स्यालयातली गाळणी म्हणजे मुख्यतः या जिवाणूंचे घर. ती नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली खळखळून धुतली, तर आपणच आपले सफाई कामगार मारतो.

1961 मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले सजीवांनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी काही नाही. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. शेवाळाचे खतच कमी होते.

टाकी निर्जंतुक करू पाहणाऱ्याची टाकी टिकत नाही, हा या सगळ्या इतिहासाचा धडा. काच जरूर पुसावी, खाणे बेताने घालावे, थेट ऊन टाळावे. बाकीचे काम गोगलगायी आणि जिवाणू करतात. आणि आपली टाकी टिकली, की किनाऱ्यावरचे एक डबके भरलेले राहते.