कर्त्यांच्या मागे कोण?

यंदाच्या स्मरणिकेसाठी नेतृत्व आणि उद्याची पिढी या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात आयुष्य गेले. तेव्हा या विषयाची शास्त्रीय मीमांसा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु सातवीच्या वर्गास वर्षानुवर्षे पेशवाई शिकविता शिकविता त्या काळातील काही माणसे आम्हांस घरच्यासारखी झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघांविषयी आमचे मत उतारवयात पार पालटले आहे. ते का पालटले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

मराठ्यांच्या इतिहासात सहा वर्षांचा एक विलक्षण काळ आहे. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस वारले. त्याच वर्षी हरिपंत फडके गेले. १७९५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई निवर्तल्या. पुढे दोनच महिन्यांनी सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात उंचावरून पडून मृत्यू पावले. १७९७ मध्ये तुकोजी होळकर, १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन आणि १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस. एवढी मोठी माणसे एकामागून एक गेली, हे राज्याचे दुर्दैव, असे आम्ही वर्गात सांगत असू. मुलेही हळहळत. पण मरण कोणास चुकले आहे? नाना गेले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. वडीलधारी माणसे जावयाचीच. विचारावयाचा प्रश्न निराळा होता आणि तो आम्ही मुलांस कधी विचारला नाही. या सर्वांच्या मागे कोण उभे होते?

हाच प्रश्न वीस-बावीस वर्षे मागे जाऊन विचारला म्हणजे उत्तर अगदी वेगळे येते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे थेऊर मुक्कामी क्षयाने वारले. वय अवघे सत्तावीस. नऊ महिने उलटतात न उलटतात तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि संशयाचे बोट सख्ख्या चुलत्याकडे गेले. गादीवर हक्क सांगावयास उरले ते नारायणरावांच्या पत्नीच्या पोटातील मूल. याहून वाईट प्रसंग कोणत्याही राज्यावर यावयाचा नाही. तरी राज्य बुडाले नाही. बारभाईंनी कारभार हाती घेतला, राघोबादादांस दूर ठेविले, पुरंदरावर १७७४ च्या एप्रिलमध्ये जन्मलेल्या अर्भकाच्या नावे दौलत चालविली आणि १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांच्या फौजेस शरण यावयास लाविले. हे करणारी माणसे आकाशातून पडली नव्हती. नाना, महादजी, हरिपंत ही सारी माणसे माधवरावांच्या हाताखाली वाढली होती.

माधवरावांस कारभारास मिळाली अकरा वर्षे. १७६१ मध्ये, पानिपतानंतर, सोळाव्या वर्षी गादीवर बसले. १७६२ मध्ये आळेगावी स्वतःच्या चुलत्यापुढे नमते घेण्याची पाळी आली. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनास निजामाचा पराभव करून दाखविला. ज्याने स्वतः कोवळ्या वयात ओझे उचलले, तो दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे द्यावयास कचरत नसावा. नाना आणि महादजी दोघेही पानिपताहून जीव वाचवून आलेले. एकाच्या मनावर आघात झालेला, दुसऱ्याचा पाय कायमचा अधू. अशा तरुणांस माधवरावांनी जवळ बसवून उपदेश केला असे दिसत नाही; कामे दिली. शिंद्यांच्या दौलतीच्या वारशाचा घोळ मोडून १७६८ च्या सुमारास ती महादजींकडे सोपविली. पेशवे स्वारीवर असता पुण्याचे काम नाना पाहू लागले. हरिपंत कारकुनीतून वर चढले व पुढे सेनापती झाले. उत्तरेकडे रामचंद्र गणेश व विसाजी कृष्ण यांजबरोबर फौजा पाठविल्या, त्यांत महादजी आणि तुकोजी होते. १७७२ च्या आरंभी मराठ्यांनी शहाआलम बादशहास दिल्लीस आणून बसविले, तेव्हा पेशवे स्वतः दख्खनेत आजारी होते. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. धन्याच्या डोळ्यांआड काम फत्ते झाले.

रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. माधवराव स्नानसंध्येत फार वेळ गुंतू लागले तेव्हा शास्त्रीबोवांनी, राज्य करावयाचे की जपतप, हे एकदा ठरवा, असे तोंडावर सांगितले. ही गोष्ट सांगताना आम्ही नेहमी शास्त्रीबोवांच्या निर्भीडपणावर भर देत असू. आता वाटते, निम्मी गोष्ट आम्ही गाळलीच. आपल्या पदरच्या माणसाने असे बोलावे आणि धन्याने ते मानावे, हीही काही लहान गोष्ट नव्हे. ज्या दरबारात असे बोलणे निभते तेथेच माणसे तयार होतात. माधवरावांचे एक न्यून मात्र सांगितलेच पाहिजे. घराबाहेरची माणसे त्यांनी घडविली, घरातील नारायणराव मात्र कच्चेच राहिले. आयुष्य पुरले नाही, असे म्हणावयाचे.

आता नानांकडे येऊ. त्यांच्या बुद्धीविषयी, स्वामिनिष्ठेविषयी शंका घेणारा आमच्या मते इतिहास जाणत नाही. सवाई माधवरावांस त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपले. ज्या मुलाच्या बापाचा वाड्यातच खून झाला, त्यास जपावयाचे नाही तर काय करावयाचे? पाचव्या वर्षी ते योग्यच होते. दहाव्या वर्षीही योग्य होते. पण पेशव्यांनी विशी गाठली तरी पहारा तोच, शिस्त तीच, आणि दौलतीचा प्रत्येक कागद नानांच्या हातून फिरणारा. लिहिणे, हिशेब, घोड्यावर बसणे हे सारे शिकविले. निर्णय घ्यावयास मात्र एकही काम दिले नाही. १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले आणि तरुण पेशव्यांस शिकारीस, मोकळ्या हवेत नेऊ लागले, तेव्हा मुलाचा ओढा तिकडे वळला. नानांस ते रुचले नाही. पुढे कैदेतील चुलत चुलता बाजीराव याच्याशी पेशव्यांचा चोरून पत्रव्यवहार चालतो असे उघडकीस आले आणि बंधने अधिकच कडक झाली. आमच्या शिक्षकी अनुभवाप्रमाणे, ज्या मुलास उघड मैत्री करू देत नाहीत ते चोरून करते. आणि बहुधा नको त्याशीच करते.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. साऱ्या मराठी सरदारांच्या फौजा पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आल्याचा तो शेवटचा मोठा प्रसंग. स्वारीत पेशवे स्वतः होते. वयाच्या विसाव्या वर्षी ते प्रथमच खऱ्या मोहिमेत गेले. थोरल्या माधवरावांनी त्या वयापर्यंत किती मैदाने पाहिली होती, हे वाचकांनीच मोजावे. खर्ड्यानंतर सात महिन्यांनी सवाई माधवराव गेले. मृत्यू अपघाताने की स्वेच्छेने, यावर विद्वानांचे वाद आहेत. त्यात आम्ही पडत नाही. ते गेले आणि १७७३ मध्ये जे राज्य गर्भातील मुलाच्या नावाने उभे राहिले, ते १७९५ मध्ये अनुभवी नाना हयात असताही सावरले नाही. वर्षभर गादीचा खेळखंडोबा चालला. अखेर १७९६ च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव आले. सहा वर्षांनी वसईचा तह, आणि १८१८ मध्ये सारेच संपले. नानांचा कारभार सुमारे पंचवीस वर्षांचा. माधवरावांच्या दुपटीहून अधिक. त्या पंचवीस वर्षांत नानांच्या तालमीत तयार झालेला दुसरा नाना कोण, हे आम्ही पुष्कळ शोधले.

शिंद्यांकडे महादजींच्या मागे दौलतराव आले ते पंधरा वर्षांचे, हाताखाली कवायती पलटणी आणि पाठीशी पोक्त माणूस नाही. होळकरांची कथा मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे दोन्ही धडे एकाच घरात सापडतात.

मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गोळा लागून पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. सासऱ्यांनी विनवून थांबविले. एवढे सर्वांस ठाऊक असते. पण त्यानंतर बारा वर्षे मल्हाररावांनी काय केले, ते कमी सांगितले जाते. त्यांनी सुनेस देवघरात बसवून ठेविले नाही. वसुली, हिशेब, फौजेची रसद ही कामे तिजवर टाकली. १७६५ च्या सुमाराच्या त्यांच्या पत्रांत ग्वाल्हेरीकडे तोफखाना घेऊन जाण्याविषयी, दारूगोळ्याची तजवीज करण्याविषयी सूचना आहेत. एखाद्या मुरलेल्या सरदारास लिहावे तशा. म्हणून १७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेल्यावर, दिवाण गंगाधर यशवंत यांच्या सल्ल्याने राघोबादादा दौलतीवर चालून आले तेव्हा बाई डगमगल्या नाहीत. शिंदे, भोसले, गायकवाड यांस पत्रे गेली, स्वतःची फौज सज्ज झाली, दादांस हात हलवीत परतावे लागले. थेऊरला देह ठेवणाऱ्या माधवरावांनीच बाईंचा कारभार मान्य केला, हेही लक्षात ठेवावे.

आणि तरीही अहिल्याबाईंच्या मागे काय झाले? खजिना महेश्वरी, फौज तुकोजींजवळ. पैशावरून उभयतांत कुरबुरी चालत. बाईंच्या घरावर मृत्यूचे घाले पडले. नातू गेला, जावई गेले, मुक्ताबाई सती गेल्या. दोष कोठे द्यावा, हे आमच्याने ठरवत नाही. पण तुकोजींच्या मागे त्यांचे चार पुत्र आपसांत भांडले. एक पुण्यात दौलतरावांच्या फौजेकडून मारला गेला. विठोजींस १८०१ मध्ये बाजीरावांनी हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव पराक्रमी खरे, परंतु तो पराक्रम पुण्यावरही कोसळला.

राजेरजवाड्यांच्या या गोष्टी आणि आपला ज्ञातिसंघ यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्यासारख्या संस्थांची वसतिगृहे ज्या कल्पनेवर उभी राहिली, तिला महाराष्ट्रात मोठे बळ दिले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १९०१ पासून पुढे त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. आणि ती ज्याच्या त्याच्या समाजाने चालवावीत असा त्यांचा कटाक्ष होता. कारण चालवावयास लागले म्हणजेच चालविता येते. याच राजाने १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी असता, उपस्थित अस्पृश्य बांधवांस सांगितले की तुम्हांस तुमचा नेता लाभला. बाबासाहेब त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. महाराज पंचेचाळीसांचे, पुढे दोन वर्षांनी ते गेले. सत्ता आपल्या हाती असताना, भर सभेत, दुसऱ्याकडे बोट दाखवावयास छातीच लागते. आणि ते बोट ज्याच्याकडे दाखविले तो महाराजांच्या पदरचा चाकर नव्हता, हे विशेष.

आता नानांविषयी मत का पालटले, ते सांगतो. आपल्या संघाच्या वसतिगृहाची रोकडवही आणि कपाटाची किल्ली चौदा वर्षे आमच्या जवळ होती. पैचा घोटाळा झाला नाही, याचा आम्हांस अभिमान. कार्यकारिणीत आम्ही अकरा जण, त्यांपैकी नऊ साठीच्या पलीकडचे. पस्तिशीच्या आतील दोन सभासद घ्यावेत असा ठराव तीन वर्षांपूर्वी आला, तेव्हा त्यास विरोध करणारे पहिले भाषण आमचे झाले. मुले अजून पोक्त नाहीत, असे आम्ही बोललो. गेल्या श्रावणात आम्हांस रुग्णालयात अठरा दिवस काढावे लागले. त्या अवधीत वसतिगृहाच्या खानावळीचे वाण्याचे बिल थकले, गॅसच्या टाक्या आल्या नाहीत आणि चाळीस मुलांस दोन वेळा बाहेरून डबे आणावे लागले. पैसा बँकेत होता. किल्ली आमच्या उशाखाली होती. खात्यावर दुसरी सही कोणाची चालते, हे कोणासच ठाऊक नव्हते. आम्ही कधी सांगितलेच नव्हते. खाटेवर पडल्या पडल्या आम्हांस पुरंदरावरचे ते बाळ आणि त्यास जपणारे नाना आठवले.

घरी आल्यावर तो ठराव आम्हीच पुन्हा मांडला आणि रोकडवही ज्ञातीतील एका वाणिज्य पदवीधर कन्येकडे सोपविली. पहिल्याच महिन्याच्या कीर्दीत तिची चारशे रुपयांची चूक झाली. भाजीवाल्याची एक पावती दोनदा चढली होती. आम्हांस ती रात्रीच दिसली. हात पेनाकडे गेला होता. वही मिटून ठेविली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्याकडून पावती दोनदा लागली होती, मी दुरुस्त केली आहे. तुमच्या लक्षात आली होती का?" आम्ही नाही म्हणालो. आयुष्यात विद्यार्थ्यांशी खोटे बोलण्याचे प्रसंग थोडे आले, त्यांतला हा एक.