गाणे की गलका?

संगीताच्या इतिहासात एक आक्षेप असा आहे की, तो प्रत्येक पिढीत नव्याने जन्मास येतो आणि त्या पिढीबरोबरच निमूटपणे नाहीसा होतो. "हे गाणे नव्हे, हा नुसता गलका आहे," हा तो आक्षेप होय. ज्याच्यावर तो घेतला जातो त्या कलावंताची पुढे अभिजातांत गणना होते, आणि आक्षेप घेणारांचे नातू त्याच्याच तबकड्या जिवापाड जपतात. ह्या स्थित्यंतराचे श्रेय आपण काळास देऊन मोकळे होतो. परंतु काळ स्वतः काही ऐकत नाही. ऐकतात ती माणसे. कलावंताचे गाणे विरून गेल्यावर त्याची बाजू मांडावयास उरतात ते त्याचे चाहते, आणि त्यांच्यापाशी पुरावा म्हणून असते ती केवळ आठवण. ही आठवण इतिहासाने कितपत मानावी, एवढाच प्रश्न ह्या लेखात विचारार्थ घेतला आहे.

मराठी रंगभूमीपुरते पाहू गेल्यास ह्या विचाराला मास्टर दीनानाथ मंगेशकरांइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला, आणि ऐन पोरवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. मंडळीच्या पडत्या काळाला तेव्हा आरंभ झाला होता. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली होती, आणि मागे राहिलेल्यांस नव्या गळ्याची निकड होती. तो गळा दीनानाथांच्या रूपाने मिळाला. पण तोही फार काळ तेथे टिकला नाही. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे ह्यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. राम गणेश गडकऱ्यांचा ह्या मंडळीवर लोभ होता. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचे 'भावबंधन' त्यांच्या पश्चात बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणून गाजविले. त्यातील लतिकेच्या भूमिकेने दीनानाथांचे नाव घरोघर पोहोचले.

त्या काळच्या श्रोत्याचा कान बालगंधर्वांनी घडविलेला होता, ही गोष्ट येथे ध्यानी ठेवणे अवश्य आहे. गंधर्वांचे गाणे म्हणजे आर्जव. लय संथ किंवा मध्य, शब्द सोज्वळ, आणि स्वर श्रोत्याच्या मांडीवर डोके टेकावे तसा येऊन विसावणारा. अशा कानावर दीनानाथांचे गाणे एकाएकी येऊन आदळले. त्यांची तान कोणत्या क्षणी उठेल आणि कोठे जाऊन पडेल ह्याचा अंदाज श्रोत्यास येत नसे. लय चढी, स्वर टोकदार, वळणे पंजाबी धाटणीची. आणि परिचित पदाची चालही आपल्या प्रकृतीप्रमाणे बदलून घेण्याचा बेडरपणा अंगी होता. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या करड्या गुरूची तालीम त्यांस लाभली होती, तेव्हा हे अज्ञानातून होत होते असे कोणास म्हणता येईना. म्हणूनच 'मानापमाना'तील पदे ते आपल्या चालीवर म्हणू लागले तेव्हा जुन्या रसिकांस तो अपराध वाटला, आणि तरुणांस तीच मुक्तता वाटली. गंधर्वपक्ष आणि दीनानाथपक्ष असे दोन तट पडले, ते कित्येक घरांत पितापुत्रांमध्ये पडले.

आता आवाजाविषयी. ध्वनिवर्धक यंत्रे नाटकगृहांत सर्वत्र येण्यापूर्वी नटास आपला शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. फिरत्या मंडळ्यांचे प्रयोग पुष्कळदा कापडी वा पत्र्याच्या मांडवांत होत. तेथे स्वर भिंतींवर आपटून परत येण्याऐवजी बाहेर निघून जाई, आणि आत पोरांचे रडणे व विडीकाडीची कुजबुज चालू असे. अशा ठिकाणी पोहोचतो तो जाड आवाज नव्हे, तर टोकदार आवाज. दीनानाथांच्या ज्या तबकड्या उपलब्ध आहेत त्या लक्षपूर्वक ऐकल्यास हीच गोष्ट प्रत्ययास येते. त्यांचा गळा भरदार किंवा घुमारेदार नाही. तो बारीक आणि पातेदार आहे. तेव्हा ज्यास विरोधक गलका म्हणत तो मोठेपणाचा गलका नसून वेगाचा व अनपेक्षिततेचा होता. कानास जे दुखविते ते दर वेळी मोठे असतेच असे नाही. जे ओळखीचे नसते तेही मोठे भासते.

परंतु ह्या तक्रारीच्या मुळाशी केवळ कानाचा प्रश्न होता, असे मला वाटत नाही. १९२७ साली बळवंत मंडळीने 'रणदुंदुभि' हे नाटक केले. त्याचे कर्ते वीर वामनराव जोशी हे आमच्या वऱ्हाडचे, अमरावतीचे राहणारे. लोकमान्यांच्या राजकारणात वाढलेले आणि देशकार्यासाठी कारावास सोसलेले गृहस्थ. त्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक त्यापूर्वीच केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने लोकप्रिय केले होते. 'रणदुंदुभी'त दीनानाथ तेजस्विनीच्या भूमिकेत उभे राहत. स्त्रीभूमिका म्हणजे लाजणे, रुसणे, विनविणे हा तोवरचा संकेत. येथे तर लुगडे नेसलेली ही व्यक्ती पारतंत्र्याची चीड तारस्वरात उच्चारीत होती. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याची टांगती तलवार तेव्हा डोक्यावर होती, आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये झालेली बंदी कोणी विसरले नव्हते. शब्दांवर सरकारचा डोळा होता. तानेवर मात्र त्यास डोळा ठेवता येत नव्हता. शब्द संहितेत लिहून मंजुरीसाठी धाडता येतात, पण तो शब्द कोणत्या आवेशाने फेकला जाईल हे कोणत्या कचेरीत तपासावयाचे? पुढे १९३१ साली सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' ह्याच मंडळीने रंगभूमीवर आणले, हा योगायोग नव्हे. दीनानाथांच्या गाण्यातील जो उग्रपणा काहींस खटकला, तोच इतरांस आपल्या मनातील अव्यक्त संतापाचा उद्गार वाटला.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्रातच घडला असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य देशांत विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या साथीने रॉक ह्या नावाचे कर्णकठोर संगीत आले, तेव्हा तेथील जाणत्यांनी हाच आक्षेप अगदी ह्याच सुरात घेतला. साध्या गिटारीवर लोकगीते गाणारा बॉब डिलन २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या मेळाव्यात विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचा गोंगाट उठला. पुढच्याच वर्षी, १७ मे १९६६ रोजी, मँचेस्टर येथे कोणा श्रोत्याने त्यास भर सभेत "जूडास" म्हणून हाक मारली. म्हणजे ख्रिस्ताचा घात करणाऱ्या शिष्याच्या पंक्तीस नेऊन बसविले. १८ ऑगस्ट १९६९ रोजी वुडस्टॉकच्या मेळ्यात जिमी हेंड्रिक्सने आपल्या देशाचे राष्ट्रगीत गिटारीवर असे वाजविले की, त्यात स्फोटांचे आणि किंकाळ्यांचे नाद ऐकू यावेत. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. कित्येकांनी ह्यास राष्ट्राचा अपमान म्हटले, आणि कित्येकांस राष्ट्राची वेदना प्रथमच सुरांतून ऐकल्यासारखी वाटली. शब्द एकही उच्चारला गेला नव्हता. जे काही म्हणावयाचे होते ते नादानेच म्हटले होते. तेजस्विनीची तान आणि हेंड्रिक्सची गिटार ह्यांत देशाचे, काळाचे आणि वाद्याचे अंतर अफाट आहे, पण दोहोंवरील वाद एकाच जातीचा आहे.

ह्या पाश्चात्य उदाहरणांचा आपणांस दुसराही एक उपयोग आहे. चाहत्यांच्या स्मृतीचे गुणदोष त्यांत स्वच्छ दिसतात. वुडस्टॉकचा मेळा संपत आला असता सोमवारी सकाळी हेंड्रिक्स वाजवावयास उभा राहिला, आणि तोपर्यंत त्या लक्षावधींच्या जनसमुदायातील बहुतेक लोक घरची वाट धरून निघून गेले होते. तरी पुढे "मी ते प्रत्यक्ष ऐकले" असे सांगणारांची संख्या वाढतच गेली. मँचेस्टरची ती हाक आपणच मारली, असे सांगणारेही एकाहून अधिक निघाले. इतकेच नव्हे, तर त्या रात्रीचे चोरून पसरलेले ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे लंडनच्या एका सभागृहाच्या नावावर खपत होते, आणि १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हाही ते चुकीचे नाव त्यास चिकटलेलेच होते. म्हणजे माणसाची स्मृती चुकते तशी यंत्राच्या ध्वनिमुद्रणावरील चिठ्ठीही चुकते.

आपल्याकडे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'चेही असेच आहे. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असा तो योग. आणि त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव निवर्तले. ज्यांचे आजे-पणजे त्या प्रयोगास हजर होते अशी जेवढी कुटुंबे आज सांगतात, तेवढ्यांस बसावयास जागा देण्यास मुंबईतील सारी नाट्यगृहे एकत्र केली तरी अपुरी पडतील!

मग अशा आठवणी खोट्या म्हणून टाकून द्याव्यात काय? माझे मत ह्याच्या उलट आहे. आठवणीस तारीख विचारू नये, परिणाम विचारावा. एखादा प्रयोग कोणत्या साली, कोणत्या गावी झाला, हे चाहता चुकीचे सांगेल. पण ती तान ऐकून अंगावर काटा आला, की शेजारचा वृद्ध उठून निघून गेला, हे तो सहसा चुकीचे सांगत नाही. दुसरी कसोटी प्रतिपक्षाची. ज्या गोष्टीवर भक्त आणि निंदक ह्या दोघांचे एकमत होते, ती निश्चित समजावी. दीनानाथांची तान विजेसारखी येते, असे भक्त कौतुकाने सांगत आणि निंदक नाक मुरडून सांगत. त्यांचा वाद विजेच्या अस्तित्वाविषयी नव्हता, तर ती गाण्यात असावी की नसावी एवढ्याचविषयी होता. तिसरी कसोटी तबकडीची. परंतु जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, आणि रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या आग्रहापायी तेच पद अर्धा अर्धा तास चाले. तीन मिनिटांच्या त्या चौकटीत कोंडलेल्या गाण्यावरून त्या अर्ध्या तासाची कल्पना करणे म्हणजे ओंजळभर पाण्यावरून पूर्णेच्या पुराचा अदमास बांधण्यासारखे होय. ती उणीव भरून काढावयास श्रोत्यांच्या आठवणीवाचून दुसरे साधन नाही. चिंतामणराव कोल्हटकरांनी 'बहुरूपी' हे आत्मचरित्र लिहिले म्हणून बळवंत मंडळीची आतली बाजू आपणांस कळते. पण पडद्याच्या ह्या बाजूस, बाकांवर आणि सतरंजीवर बसलेल्यांचे आत्मचरित्र कोणी लिहिले नाही.

ही उणीव आम्हां वऱ्हाडकरांस अधिकच जाणवावी. कापसाच्या हंगामात हाती पैसा खेळत असल्यामुळे अकोला आणि अमरावती ही शहरे नाटक मंडळ्यांची आवडती होती. चांदूर बाजारासारख्या गावच्या हौशी माणसास मोठी नाटक मंडळी पाहावयाची तर अमरावतीची वाट धरणे प्राप्त होते, आणि रात्रभर चालणारे नाटक पाहून सकाळी परतणे हा एक लहानसा प्रवासच असे. वऱ्हाडी कानास उंच स्वराचे वावडे नव्हते. ह्याच जिल्ह्यातील यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची खंजिरी दूरवर ऐकू जाई, आणि त्या भजनांतील प्रेरणेचा धसका घेऊन परकी सरकारने १९४२ मध्ये त्यांस तुरुंगात टाकले. योगायोग असा की, त्याच वर्षी, २४ एप्रिल १९४२ रोजी, दीनानाथ पुण्यात मृत्यू पावले. त्यांचे वय अवघे एक्केचाळीस होते. बोलपटाच्या लाटेत त्यांनी मंडळीचे भांडवल पणास लावले होते. बळवंत पिक्चर्सचा 'कृष्णार्जुन युद्ध' १९३४ साली पडद्यावर आला, आणि त्यानंतर मंडळीचे दिवस पुन्हा पालटले नाहीत. मुंबईच्या रंगभवनात ऐंशीच्या दशकापासून रॉकचे जलसे भरू लागले. त्यांचे श्रोते अद्याप हयात आहेत आणि आपल्या आठवणी हौसेने सांगत आहेत. दीनानाथांस प्रत्यक्ष ऐकणारी पिढी मात्र आता संपल्यासारखीच आहे. उरली आहेत ती त्या पिढीकडून ऐकलेली मुले आणि नातवंडे, आणि तीही आज उतारवयास लागली आहेत.

म्हणून घरोघरच्या ह्या ऐकीव आठवणी, मग त्या स्तुतीच्या असोत वा निंदेच्या, नावगावासह उतरून ठेवण्याचे काम कोणी तरी हाती घेतले पाहिजे. त्यांत निंदेच्या आठवणी अधिक काळजीने टिपाव्या, असे माझे सुचविणे आहे. चाहता जे सांगतो ते प्रेमापोटी फुगलेले असू शकते. पण ज्याने कानांवर हात ठेवले त्याने निदान कशावर हात ठेवले हे तरी खात्रीने ऐकले होते. दीनानाथांचे गाणे गर्जना होते की गलका, ह्याचा निकाल त्यांच्या तबकड्यांनी केव्हाच देऊन टाकला आहे. परंतु ते गाणे ऐकून परतणारा वऱ्हाडी माणूस पहाटेच्या अंधारात गाडीवानाशी काय बोलला, हे तबकडीवर कोरलेले नाही. आणि पारतंत्र्यातील एका पिढीच्या मनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मला त्या बोलण्याची किंमत तबकडीहून कमी वाटत नाही.