धनकणाचा माग

इ. स. १९३२ मध्यें अँडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञास विश्वकिरणांत एक नवा कण आढळला. इलेक्ट्रॉनाचाच जुळा भाऊ, परंतु विद्युद्भार धन. मुंबईच्या होमी भाभांनीं या दोघांच्या टकरीचें गणित १९३६ सालीं प्रसिद्ध केलें. हाच कण पुढें रुग्णाच्या देहांतील गांठी दाखवील, असें तेव्हां कोणाच्या मनांतहि नसावें. भाभांनीं उभारलेल्या अणुशक्ति-संस्थेचें परळ येथील वैद्यक केंद्र १९६३ सालचें. भारतांतील पहिलें ‘पेट’ यंत्र तेथेंच २००२ सालीं चालूं झालें.

रुग्णास किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर टोंचतात. गांठ ती आधाशीपणें ओढून घेते. फ्लोरिनांतून सुटलेला धनकण इलेक्ट्रॉनास भेटला कीं दोघेहि नाहींसे होतात व दोन किरण उलट दिशांस धांवतात. (हें फ्लोरिन ११० मिनिटांत निम्में होतें, सात तासांच्या वाटेनें मुंबईहून जालन्यास आणलें, तर हातीं चौदावा हिस्सा उरेल!)

खरी अडचण भोंवतालच्या स्फटिकांची. किरण नेमका कोठें आदळला, यावर चित्राचा रेखीवपणा अवलंबून. १९८६ सालीं चिरा पाडलेला ठोकळा व त्यामागें चार प्रकाशनळ्या अशी युक्ति निघाली. उजेडाच्या वांटणीवरून जागा काढीत. तरी पांच-सहा मिलिमीटरांची गांठ धूसर होऊन शेजारच्या मांसांत मिसळे, आणि रोग हटला असें समजून रुग्ण घरीं जाई.

अलीकडे यंत्रासच शिकवितात. माहीत असलेल्या जागीं किरणांची बारीक शलाका लाखों वेळां सोडावयाची व दर वेळीं उजेड कसा पसरला तें दाखवावयाचें. पाढे घोटून घ्यावे तसें. मग अखंड स्फटिकांतहि तें आघाताची जागा, खोलीसुद्धां, एक-दोन मिलिमीटरांच्या फरकानें सांगतें. तथापि धनकण विझण्यापूर्वीं थोडा भटकतो. ती चूक स्फटिकाच्या पदरीं घालतां येत नाहीं.